चाखणं म्हणजे खाणं नव्हे

उजव्या पायाची दोन बोटं गेली तेव्हा नानांनी विनोद केला होता, की चला, तेवढीच नखं कमी कापावी लागतील. या खेपेला त्यांना विनोद सुचला नाही. डॉक्टरांनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि सांगितलं, की तीन महिन्यांची साखर मागच्या वेळेपेक्षा वर गेली आहे. तळव्याला नवी जखम झाली आहे, ती साखर उतरल्याशिवाय भरणार नाही. महिनाभरात उतरली नाही तर आता बोटांवर भागणार नाही, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. तेव्हा गोड बंद, अगदी पूर्ण बंद.

"बंदच आहे," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. दिवसभर रोग्यांचं खोटं ऐकून घेणाऱ्या माणसाची ती मान होती, आणि जखमेपेक्षा नानांना तीच जास्त झोंबली. कारण ते खरं बोलत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या त्यांच्या बायकोला, माईलाही.

रविवारी माईनं सगळ्यांना बसवलं. रविवारी खालचा त्यांचा गोड गोळ्यांचा कारखाना बंद असतो. शेगड्या थंड, तांब्याच्या कढया घासून पालथ्या. वरच्या मजल्यावर घर. दोन पिढ्यांच्या पाकाची वाफ फळ्यांच्या फटींतून वर येऊन मुरलेली, त्यामुळे इथल्या उशा आणि पडद्यांनासुद्धा गोड वास येतो. पाहुण्यांना तो कळतो, घरच्यांना कळत नाही. जेवणं उरकली होती आणि कुणी धड जेवलं नव्हतं. टेबलाच्या टोकाला नाना, पाय स्टुलावर, बँडेज नवंकोरं. एका बाजूला त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. ते कारखान्याचा माल घेऊन दुकानोदुकानी हिंडतात, आणि लग्न केलं नाही म्हणून रविवारी इथे जेवतात. त्यांच्यासमोर नानांचा मुलगा बारकू. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून हे नाव पडलं. आता कारखान्याच्या दारातून जरा तिरपा होऊनच आत शिरतो, पण नाव काही बदललं नाही. त्याच्या शेजारी सून. ती हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी जाते ती दिवस मावळताना येते आणि आल्या आल्या हात धुऊन सासऱ्यांचं ड्रेसिंग करते.

"मी कुणावर ओरडणार नाही," माई म्हणाली. "पण यांना गोड कोण देतं, ते आज मला कळलं पाहिजे."

माईचं दुःख तसं खरं होतं. ती दोन बोटं गेल्यापासून तिनं या घरात एखाद्या फौजदारासारखा पहारा दिला होता. साखरेचा डबा दर आठवड्याला जागा बदलत असे. नानांच्या सदऱ्याचे खिसे धुण्याआधी आणि धुतल्यानंतर तपासले जात. सोबत म्हणून तिनं स्वतःच्या चहातली साखरही सोडली होती, आणि तो कडू चहा ती तोंड वाकडं न करता पीत असे. एवढं करून सापडलं काय, तर काहीच नाही. चोर सापडला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं आणि मग निवांत झोपली असती. पण आपण हरलो ते कुणाकडून, हेच तिला कळत नव्हतं.

तिनं बोट कुणाकडे दाखवलं नाही. डोळे मात्र खुर्चीशेजारी ठेवलेल्या काकांच्या बॅगेवर गेले. नमुन्याच्या गोळ्यांची बॅग ती, आणि ती इकडून तिकडे गेली तरी आत खुळखुळत असे.

काकांनी बॅग उचलली, टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, मोजून घ्या. भावाला विष घालणारा वाटलो का मी तुम्हाला? लहानपणी दादानं माझ्या वाटचा मार खाऊन मला वाचवलंय. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या की ते कुणाला तरी चावणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते सुनेला चावले. म्हणाले, घरात शिकलेली नर्स असताना जखम चिघळते कशी हा प्रश्न आधी विचारावा. औषधं वेळेवर जातात का, की हॉस्पिटलातले रोगी तेवढे रोगी आणि घरचे ते उपरे?

यावर बारकूनं बोलायला हवं होतं. त्यानं टेबलावर पसरलेल्या गोळ्या रंगवार लावायला घेतल्या. सुनेनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं स्वतःच बोलली, की औषधं ती स्वतःच्या हातानं देते, आणि रोज सकाळी बोटातून थेंब काढून साखर बघते. सकाळची साखर फार वाईट नसते, हेच कोडं आहे. रात्रभर काही जात नाही. जे जातं ते दिवसा जातं.

"दिवसा हे खाली असतात," माई म्हणाली. "खाली आम्ही सगळे असतो. तिथे कोण देणार?"

आपल्याच घरात आपल्यावर खटला चालावा आणि साक्षीदारांनी एकमेकांची उणीदुणी काढावीत, हे नानांना फार लागत होतं. ते म्हणाले, मी शपथेवर सांगतो, बोटं गेल्यापासून एक गोळी खाल्लेली नाही. चहात नाही, दुधात नाही. कुणी दिलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही. आता माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा.

विश्वास सगळ्यांचा होता. नाना खोटं बोलत नाहीत ही या घरातली इतकी जुनी गोष्ट होती, की तिचं कुणाला कौतुकही राहिलं नव्हतं.

मग सुनेनं विचारलं, "नाना, तुम्ही दिवसभर खाली नेमकं काय करता?"

प्रश्न इतका साधा होता की काकांना हसू आलं. शिंप्याला विचारावं, तू दिवसभर काय करतोस.

"चाखतो," नाना म्हणाले.

हे ऐकून इतर कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या घराण्यात तो दोष दुधाबरोबर पाजला जातो. नानांच्या वडिलांनी, ज्यांना अजून सगळे थोरले म्हणतात, कारखाना काढला तेव्हा कढई एक होती आणि गोळ्या पळवणारी पोरं बरीच. थोरल्यांनी नियम घातला: तयार माल खाईल त्याला मार, कढईवर चाखेल त्याला शाबासकी. एक चोरी, दुसरं काम. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. आणि चाखलेलं थुंकायचंही नाही, तो पाकाचा अपमान. काकांनी एकदा थुंकलं होतं, त्याची खूण त्यांच्या भुवईत अजून आहे. अशी ती सगळी वाढली. आजारी मुलाला गोड वर्ज्य असलं तरी त्याला कढईवर चाखायला बोलावलं जाई, आणि आई डॉक्टरांना निर्मळ मनानं सांगे, की काही खाल्लेलं नाही.

सून बाहेरच्या घरातून आली होती. शिवाय कढया चालू असताना ती कधी खाली नसायची. चाखणं म्हणजे बोटाच्या टोकावर थेंब घेणं असावं, अशी तिची समजूत होती.

तिनं नवऱ्याला विचारलं, एका कढईचा पाक नाना किती वेळा चाखतात. बारकूनं सांगितलं, की पाक गार पाण्यात टाकून त्याचा खडा होतो, तो दाढेखाली फोडून बघायचा. चिकटला तर अजून शिजवायचा, कडकन फुटला तर उतरवायचा. म्हणजे दोनतीन वेळा तरी. मग ओट्याच्या फरशीवर ओतून लिंबूसत्व आणि वास मिसळला की पुन्हा एकदा. आणि गोळ्या कापल्या की शेवटचं. खडा एवढा असतो, असं त्यानं अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. मग तिनं विचारलं, दिवसात कढया किती.

उत्तर ऐकून ती उठली आणि माईकडे साखरेचा डबा मागितला. माईनं तो त्या आठवड्याच्या जागेवरून, पिठाच्या पिंपामागून, काढून दिला. सुनेनं रिकामी वाटी घेतली आणि चमच्यानं साखर घालायला सुरुवात केली. एका कढईची एवढी. दुसरीची एवढी. वाटी अर्धी झाली, भरली, वर शीग आली, आणि दाणे टेबलावर सांडायला लागले तरी तिचा हात चालूच होता. शेवटी माईनं तो धरला.

"पुरे," माई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. दोन वर्षं ती खिसे तपासत होती, आणि त्याच दोन वर्षांत सकाळी नानांना उशीर झाला तर तिनंच त्यांना हाक मारून सांगितलं होतं, अहो, कढई खोळंबलीये, चाखायला चला.

नाना वाटीकडे बघत म्हणाले, "ते काम आहे."

"नाना, रक्ताला काय कळतं, काम कुठलं आणि खाणं कुठलं?" सून म्हणाली.

चोर सापडला की खटला संपतो अशी आपली समजूत असते. इथे तो सापडल्यावर खरी बाचाबाची सुरू झाली. इतका वेळ नानांना कोण गोड देतं म्हणून जे तावातावानं बोलत होते, ते काका एकदम दुसऱ्या काठावर गेले. म्हणाले, ठीक आहे, कमी करू. पण दादानं चाखायचंच नाही म्हणजे काय? दुकानदार मला दारात उभं करतात ते दादाच्या जिभेपायी. बाजारात आपल्यापेक्षा स्वस्त गोळ्या ढिगानं आहेत. आपली गोळी ती आपली, कारण प्रत्येक कढईवर या माणसाची दाढ फिरलेली असते. उद्या ती नसेल तर मी काय सांगू? थुंकून टाकू दे हवं तर. थोरल्यांचा नियम मोडू, पण जीभ बंद करू नका.

सुनेला वाटलं, माई तरी आपल्या बाजूनं बोलेल. तीच तर यासाठी दोन वर्षं झिजली होती. माईनं सांडलेले दाणे तळहाताच्या कडेनं गोळा केले आणि खाली बघतच बोलली.

"पाय गेला तर मी यांना उचलून इकडून तिकडे ठेवीन. माझ्या अंगात तेवढी ताकद आहे. पण कढईवरून उठवलेला हा माणूस दिवसभर या खोलीत बसलेला मला बघवायचा नाही."

"आई, पाय गेला की तेवढ्यावर थांबत नाही," सून म्हणाली. "मी वॉर्डात रोज बघते."

"तुझं बरोबर आहे गं. मला कळत नाही असं नाही."

कळतं पण वळत नाही, हे आपण नेहमी दारू पिणाऱ्याबद्दल म्हणतो. त्याच्या बायकोबद्दलही म्हणायला हरकत नाही. माईला खरोखर भीती वाटत होती, आणि ती पायाची नव्हती. थोरले कढईवरून उतरले त्या वर्षीच गेले होते, आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिला तेच दिसत होतं.

म्हणजे एका बाजूला सून एकटी, आणि दुसऱ्या बाजूला सगळं घराणं. तिनं बारकूकडे पाहिलं. ती त्याच्याकडे अशी बघते तेव्हा ती काही मागत नसते, नुसती वाट बघत असते, आणि त्याला ते मागण्यापेक्षा जड जातं.

बारकूकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते सांगितलं तर वडिलांचा पाय कदाचित वाचणार होता, आणि वडिलांचं दुसरं काहीतरी नक्की मोडणार होतं. शिवाय कुणीही म्हणालं असतं, की याला गादी हवी म्हणून हा असं बोलतो. त्याला ती हवीही होती. मिसरूड फुटल्यापासून तो त्या कढईशेजारी नुसता ढवळायला उभा होता. आपल्या बोलण्यात माया किती आणि हाव किती हे त्याचं त्यालाच निवडता येत नव्हतं, म्हणून तो आजवर गप्प राहिला होता. पण वाटी समोर होती.

"चाखायची गरज नाही," तो म्हणाला. "मी थर्मामीटर लावतो."

"काय लावतोस?" काकांनी विचारलं.

"पाकात थर्मामीटर. कढईच्या मागच्या कडेला अडकवलेला असतो. किती तापला की उतरवायचा ते मला माहीत आहे. लिंबूसत्व मी वजनानं घालतो. गेल्या हिवाळ्यापासून प्रत्येक कढई तशीच उतरवलीये. काका, तुम्ही दुकानात विकताय ती गोळी थर्मामीटरची आहे. कुणीही तक्रार केलेली नाही."

नानांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही. अनोळखी माणसानं रस्त्यात आपल्याला नावानं हाक मारली की आपण जसे बघतो, तसे.

"मग मला खडा का देत होतास?"

"तुम्ही बसलेले असायचात," बारकू म्हणाला.

याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. बारकूला ते बोलताक्षणी कळलं. त्याला म्हणायचं होतं, की तुम्ही त्या उंच स्टुलावर बसलेले मला आवडायचात, तुम्ही खडा फोडून मान डोलावलीत की मला अजूनही पोटात बरं वाटायचं. पण तसं बोलायची या घरात पद्धत नव्हती. माई नवऱ्याचा हात धरायला गेली, पण नानांनी तो काढून घेतला.

"कढई लाव," ते म्हणाले.

"नाना, आज रविवार आहे."

"लाव म्हटलं ना. तुझा तो थर्मामीटरही लाव. मी चाखतो आणि थुंकतो. तुझा काका म्हणतो तसं. बघू कुणाचं बरोबर येतं."

बँडेजवर रबरी चप्पल चढवून, एका बाजूला भाऊ आणि एका बाजूला बायको धरून ते जिना उतरले. खाली उजेड मावळतीचा होता, उंच खिडक्यांतून आत येणारा. बारकूनं लहान कढई सरळ केली, शेगडी पेटवली, साखर आणि पाणी मोजून घातलं. नाना आपल्या स्टुलावर बसले. सुनेनं त्यांच्या मांडीवर स्टीलचं पातेलं ठेवलं आणि ती जरा लांब, ओट्याच्या फरशीला टेकून उभी राहिली. पाक उकळू लागला. मोठे मोठे बुडबुडे आले, मग लहान, मग दाट. बारकू कढईच्या मागच्या कडेकडे बघत होता आणि बाकी सगळे नानांकडे.

बारकूनं हळूच सांगितलं, की आता झाला. नानांनी चमचा मागितला. पाक गार पाण्यात सोडला, खडा उचलला, दाढेखाली धरला आणि फोडला. कडकन आवाज सगळ्यांना ऐकू आला. नानांनी डोळे मिटले. मग मान वळवून खडा पातेल्यात थुंकला. काकांनी सुस्कारा सोडला.

"अजून," नाना म्हणाले.

बारकूनं थर्मामीटरकडे पाहिलं आणि शेगडी तशीच ठेवली. या कारखान्यात स्टुलावरून अजून म्हटलं की अजून. त्यावर कुणी काही बोलल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

दुसरा खडा. तोही फुटला, पहिल्यापेक्षा जोरानं. नानांनी मान पातेल्याकडे वळवली. माई अगदी जवळ उभी होती. तिला त्यांच्या गळ्याची घाटी वर गेलेली आणि खाली आलेली दिसली.

"अजून."

"नाना, उतरवतो मी," बारकू म्हणाला.

"अजून म्हटलं ना."

तिसरा खडा पिवळट होता. कढईतला पाक कडेनं तांबूस व्हायला लागला होता. काकांचं सगळं आयुष्य माल बघण्यात गेलं होतं, रंगावरून त्यांना सगळं कळत होतं, आणि ते रंगाकडे बघत हाताची घडी घालून उभे होते. जिभेची थोरवी वर जेवणाच्या टेबलावर सांगून झालेली. आता तिला खोटं कसं पाडणार? बारकूचा हात शेगडीच्या बटणावर होता, पण हात फिरत नव्हता. सून म्हणाली, करपतोय. तिचं कुणी ऐकलं नाही. सगळी शहाणी माणसं एका जळत्या कढईभोवती उभी राहून, स्टुलावरचा माणूस झालं म्हणण्याची वाट बघत होती.

आणि स्टुलावरच्या माणसाला काय होत होतं? नानांना पहिल्याच खड्याला कळलं होतं. पाक अचूक होता. पोरानं अचूक वेळ सांगितली होती. झालं असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि तोंडातून दुसराच शब्द बाहेर पडला होता. झालं म्हटलं की कढई उतरणार आणि पुढचा खडा नाही, एवढं त्यांच्या आतल्या कुणाला तरी त्यांच्याआधी कळलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी थुंकायचं ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं. घशानं त्यांना विचारलं नाही. आता ते आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसे ऐकत होते, आणि त्यांना भीती वाटायला लागली होती. आजवर किती कढया अशा उगीच एका खड्यासाठी थांबवल्या असतील? पोरानं तेव्हाही नुसतं हो म्हणून मागच्या मागे सांभाळून घेतलं असेल का? तिसरा खडा कडवट लागला. तोही त्यांना सोडवेना.

"अ—" ते म्हणाले.

"अहो, जळलाय तो," माई म्हणाली.

धूर स्टुलापर्यंत आला होता. बारकूनं शेगडी बंद केली. कढईत काळपट तपकिरी लगदा फुसफुसत होता, त्याचा उग्र वास त्या गोड वासाच्या खोलीत शिरला. थोरल्यांच्या काळापासून इथे एकही कढई करपली नव्हती. काका ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ते खिडकी उघडायला गेले आणि पाठमोरेच उभे राहिले.

"आणि तुम्ही गिळलंत," माई म्हणाली.

"नाही. थुंकलं मी."

सगळ्या आयुष्यात माईशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते. माईनं त्यांच्या मांडीवरचं पातेलं उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. तळाशी एकच फुटका खडा होता. वर जेवणाच्या टेबलावर तीच त्यांच्या बाजूनं बोलली होती, पण आता पातेलं तिनं खाली घेतलं नाही.

नानांनी त्यात पाहिलं.

"खाल्लं," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "मी खाल्लं. आजच नाही. रोजच खातोय."

या घरात कढईजवळ बसून हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. बारकू रडायला लागला. एवढा थोराड पुरुष, बाहीनं नाक पुसत रडत होता, आणि सून त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. काका खिडकीतूनच म्हणाले, की दादा, उद्यापासून माझ्याबरोबर चल, दुकानं फिरू. सून म्हणाली, काका, त्या पायानं? काका म्हणाले, बरं, मग मी इथे येऊन बसेन. त्यांचं ते बोलणं वेडगळ होतं आणि मनापासूनचं होतं.

नानांनी त्यातलं काही ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी माईला जवळ बोलावलं.

"या दाराला कुलूप घाल. बारकूनं काम करायचं, बाहेर पडला की कुलूप. तो आत असेल तेव्हा आतून कडी. किल्ली तुझ्याकडे ठेव."

"मला नाही जमायचं," माई म्हणाली. "तुम्ही मागितलंत आणि मी दिलं नाही, असं कधी झालंय?"

"म्हणूनच तुझ्याकडे. मी मागेन. गोड बोलून मागेन, कारण काढून मागेन, कारखान्याच्या नावानं मागेन. नाही मिळाली की वाटेल ते बोलेन. ते मी बोलतोय असं समजू नकोस."

"मग कोण बोलतंय समजू?"

बारकूनं कढईत पाणी ओतून ती भिजत ठेवली. काकांनी खिडकी ओढली. सगळे बाहेर आले, माईनं जड दार लोटलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचली. बाकीचे पुढे जिना चढून गेले. नाना मागे, एक हात कठड्यावर आणि एक माईच्या खांद्यावर. दुखरा पाय आधी वर, मग चांगला, मग थांबायचं. अर्ध्या जिन्यात ते दम खायला थांबले. वरून भांड्यांचा आवाज येत होता.

"शेगडी नीट बंद केलीये ना त्यानं?" नाना म्हणाले. "पोरगं रडत होतं. गॅस राहिला असेल तर सगळंच जायचं. दे जरा किल्ली, मी बघून येतो."

शेगडी बंद केलेली माईनं स्वतः पाहिली होती. त्यांनीही पाहिली होती. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते अगदी खऱ्या काळजीनं बोलत होते, कपाळाला आठ्या, आवाज मऊ. तिला वाटलं, द्यावी. इतक्या वर्षांत तिच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं, आणि हात कमरेकडे गेलाही.

"नाही देणार," ती म्हणाली, आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर नीट ओढून घेऊन तिनं पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

ते जागचे हलले नाहीत. मग तिच्या खांद्यावरची त्यांची पकड घट्ट झाली, इतकी की तिला दुखलं, आणि त्यांनी दुखरा पाय उचलला.